तफावत चौतीस

आता तुम्ही विचारलंच आहे की कंपनी का सोडली, तर सांगते. चहा मात्र थोडा वाढवा, गोष्ट एका कपात बसणारी नाही. आणि एक अट आहे. मध्येच कुणी 'बिचारी' म्हणायचं नाही. बिचारी मी नव्हतेच. मी शहाणी होते, आणि सगळा घोळ त्यामुळेच झाला.

लोक कामावर चुका करतात आणि घरी बसतात, हे आपण समजू शकतो. कुणी मशीन बिघडवतं, कुणी साहेबाला उलट बोलतं, कुणी दुपारी गोणीवर आडवं होतं. मी काय केलं? मला जे सांगितलं, ते केलं. काना-मात्रा न बदलता केलं. आणि चार महिन्यांत घरी आले. एकटी आले असते तरी एक वेळ चाललं असतं!

हा रोग मला लहानपणापासूनचा. मी सात-आठ वर्षांची असेन. उमरोळीला आमचं भाताचं एक खाचर आहे. बाबा म्हणाले, "मी येईपर्यंत बांधावरून हलू नकोस, गुरं शिरतील." आणि ते गेले मनोरच्या बाजारात. तिथं त्यांना कुणी नातेवाईक भेटला, जेवायला घेऊन गेला. इकडे दिवेलागण झाली. सगळा पाडा माझ्या नावानं हाका मारत फिरतोय. मी बांधावरून ओरडून सांगतेय, मी इथं आहे. पण हलले नाही. शेवटी काकानं उचलून घरी आणलं, तर मी वाटभर रडतेय, की बाबा विचारतील, बांध का सोडलास!

आई पुढे ही गोष्ट पाहुण्यारावळ्यांना कौतुकानं सांगायची. "आमची ज्योती सांगितलेलं मोडत नाय." त्या कौतुकानंच मला खड्ड्यात घातलं, असं आता वाटतं.

तर मी पालघरच्या कॉलेजातून बीएस्सी झाले. वर्षभर घरी बसले. जिथं जावं तिथं एकच प्रश्न, अनुभव आहे का? अहो, घेतलंच नाही कुणी तर अनुभव कुठून येणार, बाजारात मिळतो का? शेवटी सखूमावशी मदतीला आली.

सखूमावशी माझी सख्खी मावशी नाही. आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. तारापूरच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत ती ड्रम धुते. म्हणजे धुवायची. नऊ वर्षं धुतले. दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे. साबण, राख, लिंबू, रॉकेल, सगळं करून झालं, रंग गेला नाही. लग्नात नवरीला हळद लावायला बसली की हळद तिच्या हातावर दिसायचीच नाही. मग ती पदराखाली हात घेऊन मागच्या रांगेत बसायची.

या मावशीनं महिनाभर ठेकेदाराच्या मुकादमाच्या मागे लकडा लावला, की आमची पोरगी पंधरावी पास आहे, तिला कुठंतरी चिकटवा. आणि एक दिवस खरंच निरोप आला. सेफ्टी ऑफिसरला लिहायला-टाइप करायला माणूस हवं होतं.

सेफ्टी ऑफिसर म्हणजे सामंतसाहेब. त्यांचा विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि ते स्वतः. मी गेले आणि विभाग दुप्पट झाला. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, मराठी टायपिंग येतं का? येतं म्हटल्यावर त्यांनी कपाटातून एक पांढरं हेल्मेट काढलं आणि माझ्या हातात दिलं.

त्या हेल्मेटचं महत्त्व तुम्हाला कळायचं नाही. कंपनीत पांढरं हेल्मेट म्हणजे स्टाफ. पिवळं म्हणजे कामगार. आणि मावशीसारखी ठेकेदाराची माणसं? त्यांना हेल्मेट नव्हतंच. डोक्याला रुमाल नाहीतर पदर. म्हणजे डोकं पाहून माणसाची किंमत कळायची. मी पहिल्याच दिवशी पांढरी झाले. आईनं त्या हेल्मेटला कुंकू लावलं, खरं सांगते.

ओळखपत्र मिळालं नाही, पण साहेब म्हणाले, छापायला टाकलंय. हजेरीसाठी मुकादमाच्या लांबट वहीत सही करायची होती. मला वाटलं, नवीन माणसांची वही वेगळी असेल. इतकी शिकलेली मी, पण दोन अधिक दोन तेवढे जमले नाहीत.

सकाळी मी आणि मावशी उमरोळीहून एकाच रिक्षातून निघायचो. बोईसरला उतरून पुढे दुसरी शेअर रिक्षा. कंपनीच्या गेटला पोहोचलो की वाटा वेगळ्या. मी पुढच्या गेटनं, ती मागच्या. हळूहळू मलाही ते बरोबर वाटायला लागलं. एकदा तर मी कँटीनमध्ये स्टाफच्या टेबलावर जेवत होते. मावशी दारात येऊन उभी राहिली, हातात डबी. बोंबलाची चटणी आणली होती माझ्यासाठी. मी मान न उचलता "नंतर" म्हटलं. लहानशीच गोष्ट आहे. पण सांगायला बसलेच आहे तर ही पण सांगते, कारण तिची मला अजून लाज वाटते.

आता मूळ मुद्द्यावर येते. साहेबांनी मला पहिलं मोठं काम दिलं ते आपत्कालीन आराखड्याचं. म्हणजे आग लागली, वायू सुटला, तर कुणी काय करायचं. इंग्रजीतला आराखडा मी मराठीत टाइप केला. चौदा नियम. लॅमिनेशन करून भिंतीवर लावले. आणि पाठही केले, सांगितलं नव्हतं तरी.

पाठ केले त्याला कारण होतं. आमच्या भागात कुठल्या कंपनीत भडका उडाला की घरातली भांडी वाजतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मावशीनं एकदा मला एका बाईची गोष्ट सांगितली होती. दुसऱ्या एका कंपनीतली, मावशीच्या ओळखीची. आग लागली, सगळे बाहेर आले, यादी वाचली, सगळे हजर. साहेब लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ती बाई आतच होती. ठेकेदाराची माणूस, यादीत नावच नव्हतं, तर कमी कशी भरणार? तिचा नवरा दोन दिवस तिची चप्पल हातात घेऊन गेटवर उभा होता आणि आतले सांगत होते की या नावाचं आमच्याकडे कुणी नाही.

ही गोष्ट माझ्या मनात रुतून बसली होती. म्हणून सहावा नियम टाइप करताना मला भरून आलं होतं. 'आवारात असलेल्या प्रत्येक व्यक्तीस जमण्याच्या ठिकाणी आणावे.' सातवा, 'कोणी मागे राहिल्यास शोध घ्यावा.' नववा, 'मोजणी यादीशी ताडून पाहावी व तफावत आढळल्यास ती मोठ्याने जाहीर करावी.' आणि तेरावा, "'सर्व ठीक' असा संदेश मिळेपर्यंत कोणासही जागेवरून हलू देऊ नये." वाचताना वाटायचं, किती विचार केलाय लोकांनी!

मग एक दिवस साहेब म्हणाले, शुक्रवारी मॉक ड्रिल आहे. सरकारी इन्स्पेक्टर बघायला येणार. मोजणीचं काम तुझ्याकडे. यादी एचआरकडून घे.

मी विचारलं, "सर, नेमकं काय काय करायचं?"

"कागदावर लिहिलंय तसंच करायचं," साहेब म्हणाले. "एक अक्षर इकडं-तिकडं नको. आणि इन्स्पेक्टरनं काही विचारलं तर खरं आणि पूर्ण उत्तर द्यायचं. अर्धवट बोललं की त्यांना संशय येतो."

कुणाला सांगितलं हे? ज्या मुलीनं अंधार पडेपर्यंत बांध सोडला नाही, तिला.

शुक्रवारी सकाळी मला बोईसरला पिटाळलं. पुष्पगुच्छ, पाण्याच्या बाटल्या, काजूचं पाकीट आणि झेरॉक्स. त्यामुळे कंपनीत काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. कंपनीत दरवेळी जे चालतं तेच चाललं होतं. मुकादमानं ठेकेदाराची सगळी माणसं गोळा केली आणि मागच्या भिंतीजवळच्या जुन्या गोदामात नेऊन बसवली. शटर अर्धं ओढलं. ड्रिलच्या दिवशी ही माणसं कंपनीत नसतात, ही तिथली रीत. इन्स्पेक्टर गेला की ती पुन्हा असतात. ही रीत वॉचमनला माहीत होती, कँटीनवाल्याला माहीत होती, बहुतेक तिथल्या कुत्र्यालाही माहीत होती. कागदावर नव्हती म्हणून मला माहीत नव्हती.

अकरा वाजता भोंगा वाजला. साहेबांनी ओलं गवत आणि तेलकट चिंध्या पेटवून छान धूर केला होता. पिवळी हेल्मेटं रमतगमत बाहेर आली. कुणी मोबाइल बघतोय, कुणी तंबाखू मळतोय. आग लागल्यासारखा चेहरा फक्त माझा होता. मी यादी घेऊन उभी राहिले, एकेकाचं नाव वाचलं, टिक केली. यादीत एकसष्ट, समोर एकसष्ट. इन्स्पेक्टरनं घड्याळात बघून मान हलवली. साहेब हसले. मी तिथंच थांबले असते तर आज तुम्हाला चहा मी पाजला असता.

पण मला सखूमावशी दिसेना.

सकाळी आम्ही बरोबर आलो होतो. ती मागच्या गेटनं आत जाताना मी डोळ्यांनी बघितली होती. आणि समोर जमलेल्यांत ती नव्हती. ठेकेदाराचं एकही माणूस नव्हतं. मला एकदम ती गेटवरची चप्पल आठवली. आणि त्याच वेळी, काय सांगू, सातवा नियमही आठवला. मी यादी छातीशी धरली आणि धुराच्या दिशेनं धावत सुटले.

मागे इन्स्पेक्टरनं विचारलं म्हणे, ही कुठं निघाली? साहेब म्हणाले, शोध पथक आहे. हे मला नंतर वॉचमननं सांगितलं.

ड्रमचं आवार पालथं घातलं, बॉयलरच्या मागे बघितलं, शेवटी जुन्या गोदामाच्या शटरखाली पाय दिसले. वाकून बघते तर आत सगळे. बायका तांदळाच्या भाकरीची फडकी सोडून बसलेल्या, पुरुषांचा पत्त्यांचा डाव रंगलेला. मुकादम चहाला गेला होता. मावशी दाराजवळच होती. तिला जिवंत बघून मला इतकं बरं वाटलं की आधी मी तिच्यावर रागावलेच. म्हटलं, भोंगा ऐकू आला नाही का, उठा, चला.

मावशी शांतपणे म्हणाली, "तू जा पोरी. आमी आज नाय."

"नाय म्हणजे?"

"डिरिलच्या दिवशी आमी नसतो. मुकादम सांगल तवा परत असतो."

"मावशी, तुम्ही कंपनीच्या आवारात आहात की नाही?"

"हाव. पन नाय."

आता ज्याला डोळे आहेत त्याला एवढ्यात कळलं असतं. मला फक्त सहावा नियम दिसत होता. आवारात असलेली प्रत्येक व्यक्ती! त्यात कुठं लिहिलंय, की नसलेली पण असलेली व्यक्ती सोडून? मी तिथं उभी राहून सहावा नियम तोंडपाठ म्हणून दाखवला. कुणी हललं नाही. ड्रम ढकलणाऱ्या एकानं पत्ते खाली ठेवून विचारलं, "मॅडम, सच में आग है क्या?" मी म्हटलं, नियमात खरी आग आणि खोटी आग असा भेद नाही.

एवढ्यात वारं फिरलं आणि साहेबांचा तो छान धूर शटरखालून आत आला. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. बायका भाकऱ्या टाकून उठल्या, पत्ते उधळले, सगळे अनवाणी पळत सुटले. त्या दिवशी अख्ख्या कंपनीत जिवाच्या भीतीनं पळाली ती एवढीच माणसं. आणि त्यांच्या पुढे पांढरं हेल्मेट घालून मी, "इकडे, इकडे!"

मैदानात आणून मी त्यांना दोन ओळींत उभं केलं. इन्स्पेक्टर खूश झाला. पहिल्यांदाच त्यानं वहीतून डोकं वर काढलं आणि म्हणाला, याला म्हणतात ड्रिल. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. साहेबांकडे बघितलं तर ते मानेनं काहीतरी खुणावत होते. मला वाटलं, म्हणतायत, पुढचं कर. पुढचा नियम नववा.

मी मोजलं. पुन्हा मोजलं. दोन पावलं पुढे आले आणि मोठ्यानं, अगदी भाषण स्पर्धेत म्हणतात तशा आवाजात जाहीर केलं. "यादीप्रमाणे एकसष्ट. प्रत्यक्ष पंच्याण्णव. तफावत चौतीस. जास्त!"

इन्स्पेक्टरनं पेनचं टोपण काढलं.

सामंतसाहेब म्हणाले, पाहुणे आहेत. इन्स्पेक्टरनं त्या दोन ओळींकडे बघितलं. फाटके रुमाल, अनवाणी पाय, कोपरापर्यंत कुणाचे हात जांभळे, कुणाचे हिरवे. तो म्हणाला, पाहुणे रंगपंचमी खेळून आले काय? मग साहेबांनी बाजू बदलली. ठेकेदाराची माणसं आहेत, आजच आलीत, एका दिवसासाठी.

इन्स्पेक्टर चालत चालत नेमका मावशीपुढे थांबला. "बाई, किती दिवस काम करता इथं?"

मावशीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. एकदा माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "आजच आले, साहेब."

इथं, मंडळी, इथं मी गप्प बसायचं होतं. देवानं तोंड दिलंय तर त्याला ओठही दिलेत, मिटण्यासाठी. पण मला वाटलं, मावशी घाबरली. मला वाटलं, हीच वेळ आहे, एकदा सरकारी माणसाच्या कानावर गेलं की हिचं नाव यादीत येईल, उद्या काही झालं तर हिच्या चपलेला कुणी विचारणारं असेल. आणि साहेबांनीच तर सांगितलं होतं, खरं आणि पूर्ण.

"नाही सर," मी म्हटलं. "मावशी नऊ वर्षं आहेत इथं."

इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता. त्यानं वहीत लिहिलं आणि साहेबांना सगळ्यांसमोर बजावलं, "कागदावर एक आणि जागेवर दुसरं, असं चालणार नाही. आठ दिवसांत यादी आणि माणसं जुळली पाहिजेत." मग ते सगळे केबिनमध्ये गेले. काजूचं पाकीट मी आणलेलंच होतं.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर तो माझा रोग कसला? तेरावा नियम राहिला होता. 'सर्व ठीक' असा संदेश मिळाला नव्हता. मी पंच्याण्णव माणसं भर उन्हात तशीच उभी ठेवली. कुणाला हलू दिलं नाही. बॉयलरवाल्याला लघवीला जायचं होतं, त्याला नियम दाखवला. प्रॉडक्शन मॅनेजर ओरडत आला, त्यालाही दाखवला. तासाभरानं कुणीतरी केबिनमध्ये जाऊन सांगितलं, तेव्हा साहेब खिडकीत आले आणि म्हणाले, सर्व ठीक. इतक्या वाईट आवाजात 'सर्व ठीक' मी पुन्हा कधी ऐकलेलं नाही.

संध्याकाळी रिक्षात मी खुशीत होते. हो, खुशीत! मावशीला म्हटलं, बघा आता, आठ दिवसांत तुमचं नाव यादीत येतंय. हेल्मेट पण मिळेल. मावशी वाटेतल्या सरावलीच्या चाळींकडे बघत बसली होती. मला वाटलं, उन्हानं दमली.

आठ दिवस साहेब माझ्याशी बोलले नाहीत. मग सोमवारी सकाळी त्यांनी नवी कोरी यादी माझ्या हातात दिली. म्हणाले, इन्स्पेक्टरच्या सूचनेप्रमाणे यादी आणि माणसं जुळवायची आहेत. गेटवर उभी राहा. यादीत नाव आहे तो आत. नाही तो बाहेर. कुणीही असो.

मी यादी उलटून शेवटचा आकडा बघितला. एकसष्ट.

म्हणजे सूचना पाळणारी मी एकटी नव्हते तर! कंपनीनंही पाळली होती, अक्षरशः. यादी आणि माणसं जुळायला हवी होती. यादीला हात लावला नाही, माणसं कमी केली. हे मला तिथंच उमगलं. पण पाय गेटकडे गेले ते गेलेच.

त्या दिवशी मागचं गेट बंद होतं, म्हणून चौतीस जण पुढच्या गेटवर आले. पहिल्यांदाच. मी त्यांना एकेकाला सांगत होते, नाव नाही, नाव नाही. त्यांनी भांडण केलं नाही. मुकादम त्यांना बाजूला घेऊन काहीतरी समजावत होता. शेवटी मावशी आली.

"माजं नाव नाय ना?"

"नाही, मावशी."

"या लोकांचं जमंल," ती मागे बघत म्हणाली. "दुसरा ठेकेदार आनतील, त्याच्या नावानं घेतील परत. माजं नाय जमायचं. नऊ वरसाचं मानूस लिवलंय त्या सरकारी सायबानं. उद्या मला कायम करा म्हनली तर? मला कोन घेल?"

तेव्हा मला कळलं, ती 'आजच आले' का म्हणाली होती. नऊ वर्षं तिनं दर दिवशी आजच येऊन काढली होती, म्हणून तर नऊ वर्षं टिकली होती. मी एका वाक्यात ती मोजून टाकली. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती उलट जवळ आली आणि काळजीनं म्हणाली, "तुजं हाय ना पन? बगून घे पोरी एकदा."

मी हसले. माझं नसेल कसं? मोजणारी मी, गेटवर उभी मी, पांढरं हेल्मेट माझं. तरी तिच्या समाधानासाठी बघितलं. ज वर बघितलं. नाही. मग आडनावावरून बघितलं. नाही. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचलं. वॉचमननंही चष्मा लावून वाचलं. चार महिने मी मुकादमाच्या वहीत सही करत होते, ठेकेदाराची माणूस होते, फक्त माझ्या डोक्यावर रुमालाऐवजी हेल्मेट होतं. शुक्रवारी जी यादी मी छातीशी धरून धावले, तीत तरी नाव कुठं होतं? मी एकसष्ट नावं वाचली, पण स्वतःचं शोधायचं सुचलंच नाही.

मग मी काय केलं असेल, सांगा. साहेबांकडे गेले? रडले? भांडले?

छे. सूचना होती, यादीत नाव नाही तो बाहेर. कुणीही असो. मी हेल्मेट वॉचमनच्या टेबलावर ठेवलं, यादी त्याच्याकडे दिली, गेटच्या बाहेर आले, आणि बाहेरून हात घालून कडी मीच लावली.

परतीच्या रिक्षात आम्ही दोघीच होतो. मावशीनं पिशवीतून डबी काढली. बोंबलाची चटणी आणि भाकरी. या वेळी मी 'नंतर' म्हटलं नाही. तिच्या जांभळ्या हातानं तिनं अर्धी भाकरी मोडून दिली, आणि मी खात असताना मला एकदम आठवलं. त्या दहा जणांची गोष्ट आहे ना, नदी ओलांडून मोजायला लागतात आणि प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो? शाळेत मी त्या गोष्टीला किती हसले होते.

मी मावशीला म्हटलं, "मावशी, माझी मोजणीच चुकली होती. तफावत चौतीस नव्हती. पस्तीस होती."

मावशीनं घास चावता चावता माझ्याकडे बघितलं.

"मंग जा परत," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगून ये."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण माझा हात रिक्षावाल्याच्या खांद्यावर गेला होता, थांब म्हणायला.